कुंपणाच्या आडव्या पट्ट्या: दोन की तीन, आत की बाहेर?

पत्र: "आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पश्चिमेकडून रस्ता जातो, तिथून येणारा-जाणारा थेट पडवीत डोकावतो. उत्तरेला चुलत दिरांचं घर आहे, त्यांची विहीर आणि आमची न्हाणी समोरासमोर. म्हणून फळ्यांचं सहा फूट उंच कुंपण घालायचं ठरवलं. रस्त्याकडे ४० फूट आणि दिरांकडे २४ फूट, असं काटकोनात. ऐनाचे पाच इंची चौकोनी खांब कातळ फोडून दोन फूट खाली काँक्रीटमध्ये उभे झालेत, दर आठ फुटांवर एक. रस्त्याकडचे खांब आमच्याच जागेत दीड फूट आत आहेत, पण दिरांकडचे अगदी हद्दीच्या दोरीवर आलेत. आता आडव्या पट्ट्यांवरून घोळ झालाय. सुतार म्हणतो, 'दोन बस झाले, वैनी. तिसरी कित्याक व्हयी?' पुण्याचा भाचा व्हिडिओ बघून तीनच म्हणतो. भावजींचं म्हणणं, कुंपणाची बरी बाजू त्यांच्याकडे पाहिजे. पट्ट्या किती, खांबाच्या आत की बाहेर, खिळे की स्क्रू, आणि परड्यातला जुना फणस पाडून त्याच्या पट्ट्या केल्या तर चालतील का? पावसाला दीड महिना आहे."

उत्तर:

ताई, पट्ट्या तीन. पण भाच्याला लगेच फोन करू नका, कारण तुमचा सुतार त्याच्या जागी चुकीचं बोलत नाही. फळ्यांचं वजन पेलायला दोन पट्ट्या खरंच पुरतात. घाटावर, चार घरांच्या आडोशाला हे कुंपण असतं तर मीही दोनवर भागवा म्हटलं असतं, फार तर फळ्या जरा जाड घ्यायला सांगितल्या असत्या. तुमच्याकडे वजनाचा प्रश्न दुय्यम आहे. देवगडच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत.

फळीला फळी चिकटवून सहा फूट उंच कुंपण केलं की ते शीड होतं, फरक इतकाच की शीड वारा वाढला तर उतरवता येतं. वाऱ्याचा दाब काढायचं इंजिनिअर लोकांचं सूत्र सोपं आहे. वेग मीटर दर सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं, की दर चौरस मीटरवर किती न्यूटन ते येतं. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर तुमच्या आठ बाय सहा फुटांच्या एका गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, २०० किलोंहून जास्त दाब येतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाचा वारा तुम्ही अनुभवलाच असेल. वादळ रोज येत नाही हे खरं, पण जून-जुलैचे झोत रोज येतात. वेग निम्मा झाला की दाब चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे साध्या पावसाळी दिवशीही त्या गाळ्याला पन्नासेक किलोंचे धक्के दिवसभर बसत राहणार.

हा भार फळ्या घेतात आणि पट्ट्यांवर सोपवतात. दोनच पट्ट्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा. तीन केल्या तर मधलीवर चाळीस टक्क्यांच्या आसपास येतो आणि वरची व खालची तिशीच्या आत राहते. मधली पट्टी सर्वांत जास्त राबते हे लक्षात ठेवा, कारण "मधे एक बारीकशी रीप मारूया" ही सूचना कोणीतरी करणारच आहे. शिवाय फळीचा विचार करा. दोन पट्ट्यांमध्ये फळीची साडेचार फूट लांबी मोकळी राहते. पावसात ती एका अंगाने भिजते, दसऱ्यानंतरच्या उन्हात त्याच अंगाने सुकते, आणि दोन-तीन वर्षांत नांगरासारखी वळते. मधे धरून ठेवलेली फळी इतकी वळू शकत नाही.

आता खरी अडचण. ती पट्ट्यांच्या संख्येत नाही, तुमच्या आठ फुटांच्या अंतरात आहे. या वाऱ्यात सहा फुटांवर खांब हवे होते. पट्टीवर सारखा भार असताना आठाचं अंतर सहावर आणलं तर तिचा झोळ, म्हणजे मधला बाक, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो, इतका अंतराचा परिणाम असतो. पण खांब उभे झालेत, आणि कातळात नवीन खड्डे फोडा असं मी सांगणार नाही. ते काम काय असतं ते माहीत असलेला माणूस तसा सल्ला देत नाही. त्याऐवजी पट्टी जाड घ्या.

सुतार बहुतेक दोन बाय चार इंचांची पट्टी धरून चालला असेल. ही पट्टी खडी लावायची, म्हणजे चार इंचांची बाजू उभी, की सपाट लावायची, यावरही मतं असतात. खडी लावली तर वजनाखाली ती सपाटच्या चौपट ताठ असते, झोळ पडत नाही. पण वारा समोरून येतो, आणि त्या दिशेला खड्या पट्टीची जाडी दोनच इंच. सपाट लावली तर वाऱ्याला चौपट ताठ, पण वजनाने मधे बसते आणि चार इंच रुंद माथ्यावर पाणी घेऊन उभी राहते. या दोन्हींतून वाट म्हणजे तीन बाय चारची पट्टी, खडीच लावायची. वाऱ्याच्या दिशेने ती दोन इंचीपेक्षा सव्वातीन पटींहून जास्त ताठ होते. दोन इंची पट्टी वादळात मोडेलच असं नाही. ती दर झोताला लवेल, परत येईल, पुन्हा लवेल, आणि त्या लवण्याने स्क्रूची भोकं मोठी होतील. कुंपणं बहुतेक अशीच जातात. लाकूड शाबूत असतं, सांधा सुटलेला असतो.

खालच्या पट्टीला वाचवून ती तेवढी दोन इंची घ्यावी असा मोह होईल. घेऊ नका. तिन्ही पट्ट्यांचे बाहेरचे चेहरे एका पातळीत आले नाहीत तर फळी खाली एक इंच हवेत राहील आणि तिथे पाचर घालत बसावं लागेल.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. सुताराच्या हिशेबाने दोन पट्ट्यांना सुमारे सात घनफूट लाकूड लागलं असतं. माझ्या हिशेबाने साडेसोळा लागेल. दुपटीहून जास्त आहे, हे मान्य. पुढे फळ्या लावायची जी युक्ती सांगतो तिनेही तो खर्च भरून निघत नाही, उलट फळ्याही थोड्या वाढतात. खर्च कमी करायचाच असेल तर उंची कमी करा. बसलेल्या माणसाला रस्त्यावरून कुणी पाहू नये एवढंच हवं असेल तर रस्त्याकडे पाच फूटही पुरतील. पट्टीत काटकसर करू नका.

रस्त्याच्या बाजूला पट्ट्या खांबांच्या बाहेरच्या अंगाला लावा, म्हणजे समुद्राकडे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. पट्टी बाहेर असली की वारा तिला खांबावर दाबतो, आणि सगळा भार खांब घेतो. आतल्या अंगाला लावली तर तोच वारा पट्टीला खांबापासून ओढून काढायला बघतो आणि सगळं स्क्रूंच्या पकडीवर येतं. शिवाय फळ्या पट्टीच्या बाहेरून लागल्या की रस्त्यावरच्या माणसाला पाय ठेवून चढायला आडवी पट्टी मिळत नाही. तुमचे खांब दीड फूट आत असल्यामुळे पट्टी आणि फळी मिळून पावणेचार इंच बाहेर आले तरी तुमच्याच जागेत राहतात.

चक्रीवादळात मात्र वारा दिशा बदलतो आणि पाठीमागूनही येतो. म्हणून पट्टी खांबाला नुसत्या स्क्रूने नको. आरपार बोल्ट घाला, दहा मिलिमीटरचे, दोन्हीकडे मोठा वॉशर, नट आतल्या बाजूला. पट्टी तीन इंच आणि खांब पाच, म्हणजे नऊ इंची बोल्ट लागेल. तेवढा तयार नाही मिळाला तर आट्यांची सळई आणून कापून घ्यायची.

सांधा खांबाच्या मध्यावरच आला पाहिजे. दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींना नुसती भिडवली तर प्रत्येकीला खांबावर अडीच इंचच जागा मिळते आणि बोल्टचं भोक टोकाच्या इतकं जवळ येतं की लाकूड तिथे चिरफळतं. त्यापेक्षा दोन्ही टोकांची निम्मी-निम्मी जाडी पाच इंच लांबीपर्यंत कापून एक दुसरीवर बसवा आणि दोन बोल्ट दोघींच्या आरपार न्या, एक वर, एक खाली. काप उभा हवा, म्हणजे अर्धी जाडी समोरची, अर्धी मागची. आडवा काप घेतला तर फटीत पाणी बसतं. या सांध्यासाठी पट्टी आठ फुटांची पुरत नाही. साडेआठ फुटी मागवा, नाहीतर सगळ्या लांड्या पडतील आणि गिरणीवाला त्या परत घेणार नाही.

सोळा फुटी, दोन गाळे ओलांडणारी अखंड पट्टी मिळाली तर उत्तमच. तिचा झोळ तुटक पट्टीच्या निम्म्याहून कमी असतो. पण ऐनाची सोळा फूट सरळ पट्टी मिळणं आणि ती टेंपोतून उतरवून परड्यापर्यंत नेणं, दोन्ही कठीण. मिळाली तर वरच्या ओळीला वापरा.

दिरांच्या बाजूचा मामला वेगळा आहे. तिथे खांबच हद्दीवर आहेत. पट्टी बाहेरून मारली की पावणेचार इंच त्यांच्या जागेत गेलात. आज भावजी काही बोलणार नाहीत, पण सातबाऱ्यावरच्या नावांची पुढची पिढी बोलेल, आणि कोकणात पावणेचार इंचांसाठी किती वर्षं तारखा पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मुळात ती दोरी कशावरून धरली होती? भूमी अभिलेखची मोजणी झालेली असेल तर ठीक. जुन्या गडग्यावरून, म्हणजे दगडी बांधावरून, नजरेने धरली असेल तर फळ्या ठोकण्याआधी भावजींना सोबत घेऊन एकदा शहानिशा करा. खांब एखाद-दोन इंच सरकलेले निघाले तर ते आत्ताच, गोडीत, लेखी मान्य करून घ्या.

या बाजूला पट्ट्या खांबांच्या दरम्यान बसवा. खांब मध्यापासून मध्यापर्यंत आठ फुटांवर असले तर आत ७ फूट ७ इंच मोकळी जागा मिळते. खांब पाच इंच जाड आहे. मधे तीन इंची पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना पाऊण-पाऊण इंचाची फळी, एकूण साडेचार इंच. सगळं खांबाच्या जाडीत मावतं आणि हद्दीबाहेर काही जात नाही. पट्टी कापताना प्रत्येक गाळा वेगळा मोजा, वर, मधे आणि खाली. खांब ओळंब्यात कितीही असले तरी तीन मापं सारखी येत नाहीत.

दरम्यान बसवलेल्या पट्टीचं टोक खांबाला कसं धरायचं, यात बहुतेक सुतार घाई करतात. तिरपा खिळा किंवा तिरपा स्क्रू मारून मोकळे होतात. टोकाकडून लाकडात गेलेला स्क्रू रेषांच्या दिशेने जातो, त्याला पकड कमी असते. आधी खांबाला पट्टीच्या खाली एक ठोकळा बसवा, तीन इंच रुंद आणि चार-पाच इंच उंच, दोन स्क्रूंनी. पट्टी त्या ठोकळ्यावर टेकली की वजन लाकडावर गेलं. मग आतल्या अंगाला स्टेनलेसचा कोन लावून ती खांबाला धरायची, म्हणजे वाऱ्याने मागेपुढे हलणार नाही. ठोकळ्याचा माथा थोडा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. खांबाला खाच पाडून पट्टी आत बसवायची जुनी रीतही आहे, आणि पटाशी चांगली चालवणारा माणूस असेल तर ती दिसायलाही सुंदर दिसते. मी मात्र उघड्यावर, पावसात, खाच टाळतो. तिच्यात पाणी जातं आणि निघत नाही.

आता फळ्या. तुम्ही विचारलं नाहीत, पण पट्ट्यांचं आयुष्य फळ्या कशा लावता त्यावर आहे. फळीला फळी चिकटवू नका. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला पाच इंची फळी लावा, मग तीन इंच मोकळे सोडा, मग पुन्हा फळी. आतल्या अंगाला दुसरी ओळ अशी लावा की बाहेरच्या प्रत्येक फटीसमोर आतली फळी येईल आणि दोन्हीकडे एक-एक इंच झाकेल. समोरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, वारा मात्र दोन ओळींच्या मधून वळून निघून जातो. फार तिरकं उभं राहून पाहिलं तर एखादी चीर दिसेल. न्हाणीच्या समोर तेवढं नको असेल तर तिथल्या एका गाळ्यात फट दोन इंचांवर आणा. फळी एकूण सव्वापट लागते.

हे कुंपण दोन्हीकडून सारखंच दिसतं, पट्ट्या दोन्हीकडून झाकल्या जातात. तेव्हा भावजींना बरी बाजू मिळाली आणि तुम्हालाही. हा वाद इथेच मिटला असं मी समजतो.

फणसाबद्दल. जुन्या फणसाचा पिवळा गाभा पट्टीला उत्तम, त्याला वाळवीही सहसा लागत नाही. पण सालीलगतचा फिकट भाग टाकून द्यावा लागतो, तो भुंगेरे पोखरतात. आणि आत्ता पाडलेलं झाड दीड महिन्यात पट्टी होत नाही. ओलं लाकूड लावलंत तर ते जागेवर सुकेल, पिळेल, आणि बोल्ट सैल पडतील. शिवाय महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत फणस आहे, आंबा आहे, साग, ऐन, किंजळ, जांभूळही आहेत. झाड तुमच्या जागेत असलं तरी पाडायला परवानगी लागते आणि लाकूड गिरणीपर्यंत न्यायला वाहतुकीचा पास. त्यामुळे वनपालांना आधी भेटा. मला विचाराल तर दोन खोल्यांना सावली देणारा जुना फणस कुंपणासाठी पाडू नये, गिरणीतून सुकलेला ऐन किंवा किंजळ घ्यावा. घेताना प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीतून बघा. थोडा बाक असतोच. बाक वरच्या दिशेला ठेवून लावली तर वजनाने ती सरळ होत जाते, उलटी लावली तर पोट सुटतं.

खिळे नकोत. खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा दोन पावसाळ्यांत फुगतो आणि ऐनासारख्या लाकडात त्याच्याभोवती काळे ओघळ उतरतात. दुकानात चकचकीत पांढरे किंवा पिवळसर स्क्रू दाखवतील आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेले, आहेत म्हणतील. त्यांच्यावर जस्ताचा नुसता हात फिरवलेला असतो. वितळलेल्या जस्तात बुडवलेले असतात ते दिसायला खरखरीत आणि राखाडी असतात, ते बोल्टसाठी चालतील. फळ्यांच्या स्क्रूसाठी स्टेनलेस घ्या. ३०४ प्रतीचा चालतो, समुद्र इतका जवळ असताना ३१६ अधिक टिकतो आणि अधिक महागही पडतो. दुकानात जाताना लोहचुंबक घेऊन जा. या दोन्ही प्रतींच्या स्टेनलेसला चुंबक जेमतेम धरतो, कडकडून चिकटला तर तो स्क्रू परत द्या. प्रत्येक भोक आधी पाडून घ्या, स्क्रूच्या दांड्यापेक्षा थोडं बारीक. ऐनात सरळ स्क्रू घुसवायला गेलात तर स्क्रूचं डोकं तुटेल किंवा लाकूड फाटेल. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीवर दोन स्क्रू, कडेपासून इंचभर आत.

पाण्याचं एवढं करा. पट्टीचा माथा रंध्याने बाहेरच्या बाजूला थोडा उतरता करून घ्या, पाव इंच पुरे. सुतार कुरकुरेल, कारण चोवीस पट्ट्यांवर रंधा मारायचा म्हणजे एक दिवस जातो. तो दिवस द्या. तेल पट्ट्या लावण्याआधी द्यायचं, चारही अंगांना आणि मुख्य म्हणजे दोन्ही टोकांना. टोकांतून लाकूड पाणी पितं. कापाकापी केल्यावर उघड्या पडलेल्या प्रत्येक कापाला आणि बोल्टच्या भोकाच्या आतही हात मारा. उकळलेलं जवसाचं तेल चालतं. तुमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल मिळू शकतं, होड्यांना लावतात ते. वाळवीला ते चांगलं, पण कातडी भाजतं. हातमोजे घालूनच लावा आणि ओलं असेपर्यंत मुलांना जवळ फिरकू देऊ नका. त्याने लाकूड काळपट होतं, ते चालणार असेल तरच.

पट्टी आणि खांब यांच्या मधे जुन्या टायरट्यूबची पट्टी घालायची काहीजणांना हौस असते. तिच्यामागे ओल धरून राहते. नको.

आखणीसाठी एक सरळ काठी घ्या आणि तिच्यावर तीन खुणा करा. जमीन ते खालच्या पट्टीची खालची कड आठ इंच. वरच्या पट्टीची वरची कड फळीच्या टोकाच्या सहा इंच खाली. मधली बरोबर मध्यावर. हीच काठी प्रत्येक खांबाला लावा, टेप पुन्हा पुन्हा काढू नका. फळ्यांची खालची टोकं जमिनीपासून तीन इंच वर ठेवा, नाहीतर तांबड्या मातीचे शिंतोडे उडून पहिली ओल तिथेच धरते, आणि परड्यातलं पाणी जायलाही वाट लागते. आधी दोन टोकांच्या खांबांमध्ये दोरी ताणून वरची पट्टी लावा, मग खालची, शेवटी मधली. जमिनीला उतार असेल आणि तो एका गाळ्यात दोन-तीन इंचांचाच असेल तर पट्ट्या उताराबरोबर जाऊ द्या, फळ्या मात्र ओळंब्यातच हव्यात. उतार जास्त असेल तर गाळ्यागणिक पायरी घ्या. तिथे अर्ध्या-अर्ध्या जाडीचा सांधा जमत नाही, दरम्यान बसवायची रीत घ्यावी लागेल.

खालच्या पट्टीच्या मध्यावर, गाळ्याच्या बरोबर मधे, खाली जांभ्या दगडाचा एक चिरा उभा करून ठेवलात तर तिचा झोळ कायमचा थांबतो. चिऱ्यावर पत्र्याचा तुकडा ठेवा, चारही बाजूंनी इंचभर बाहेर येईल असा, आणि पावसाळ्यात अधूनमधून चिऱ्यावर मातीची रेघ चढते आहे का ते बघा. वाळवी वर जायला तोच रस्ता शोधते.

राहिला पाऊस. दीड महिन्यात सगळं होईल असं सुतार म्हणेल. मे महिन्यात त्याला घराघरांतून कौलं-वासे बघायला बोलावणी असतात, तेव्हा तो म्हणेल त्यावर जाऊ नका. यंदा फक्त पट्ट्या पुऱ्या करा. नुसत्या पट्ट्यांना वारा जवळजवळ अडत नाही, त्या पावसाळाभर उभ्या राहतील, आणि कुठला बोल्ट सैल पडतो, कुठे पाणी साचतं ते तुम्हाला फळ्या लागायच्या आधी दिसेल. फळ्या आत्ताच विकत घेऊन पडवीत, मधे रिपा घालून थर लावून ठेवा. चार महिन्यांत त्या आणखी सुकतील. दसऱ्यानंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळा आणि मग फळ्या मारा.

तोवर न्हाणीसमोर आडोसा हवाच, तर नारळाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, झाप विणून खालच्या दोन पट्ट्यांना बांधा. सुंभाने बांधा, तारेने नको. मोठा वारा आला तर सुंभ तुटावा आणि झाप उडून जावेत, पट्टी जागेवर राहावी.

गिरणीत जाल तेव्हा मागणी अशी सांगा: तीन बाय चार इंच, सुकलेला ऐन किंवा किंजळ, साडेआठ फुटी पंधरा नग रस्त्याच्या बाजूला आणि आठ फुटी नऊ नग दिरांच्या बाजूला. एखाद-दोन नग जास्त घ्या, फाटतात. घनफुटाचा भाव कापणावळीसकट की कापणावळ वेगळी, ते आधी विचारून घ्या.